दुपारचे डॉन

मार्च सरत आला की सोलापुरात दुपार सुरू होते, आणि ती पाऊस येईपर्यंत संपत नाही. सकाळचं दूध तापवेपर्यंत ऊन गच्चीवर चढलेलं असतं. सात रस्ता चौकातली गर्दी पातळ होते, रिक्षावाले रिक्षातच पाय बाहेर काढून आडवे होतात, कूलरच्या वाळ्याला ओला वास सुटतो आणि कुणाच्या तरी उघड्या खिडकीतून टीव्हीवरच्या गोळीबाराचा आवाज येत राहतो. काल तसा तो आला. मी बारावीच्या भूगोलाचे पेपर तपासत बसले होते. आधी गाड्या उलटल्या, मग काचा फुटल्या, मग कुणीतरी खर्जात काहीतरी बोललं आणि सगळं शांत झालं. मला वाटलं, आता रडू येईल. रडूबिडू काही आलं नाही, नुसता थकवा आला. गेल्या उन्हाळ्याचा शीण अजून अंगातून उतरलेला नाही, तोवर हा दुसरा येऊन बसला.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा होते. अप्पा म्हणजे माझे वडील. दोन्ही किडन्या गेलेल्या, एक दिवसाआड डायलिसिस, आणि मधल्या दिवसांच्या दुपारी टीव्हीवर गुंडांचे सिनेमे. प्रेमाचे नाहीत, देवाधर्माचे नाहीत, गुंडांचेच. हिंदी असोत, नाहीतर तेलुगूतून हिंदी केलेले असोत, ज्यात एक जण बुक्की मारतो आणि अख्खी टोळी धुळीत लोळते. आमचं लिंगायत घर, स्वयंपाकघरात कानडी आणि बाहेरच्या खोलीत मराठी. दोन्ही भाषांत आवाज चढवून बोलणारी एकच व्यक्ती, अव्वा, म्हणजे माझी आई. अप्पांनी उभ्या जन्मात कुणाला ‘ए’ म्हणून हाक मारली नसेल. आणि हा माणूस दुपारभर पिस्तुलं बघत बसायचा.

त्या उन्हाळ्यात त्यांना आम्हाला एक गोष्ट सांगायची होती. ती काय आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच कुणी ती त्यांना बोलू देत नव्हतं. “मला आता तितं…” एवढं ते म्हणायचे, तितं म्हणजे डायलिसिसला. पुढचं ‘जायचं न्हाई’ आम्ही येऊच द्यायचो नाही. अव्वा म्हणायची, आधी जेवून घ्या. मी म्हणायचे, अप्पा, असं बोलू नका. पुण्याला नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ मल्लू फोनवरून म्हणायचा, तिकडं जमत नसेल तर इकडं या, इकडची मशीनं चांगली आहेत. अप्पा मान हलवायचे आणि रिमोट उचलायचे.

आता त्या सिनेमांबद्दल. इतके ऐकलेत (बघितले असं म्हणवत नाही, माझी मान पेपरांत असायची) की त्यांच्यावर मी प्रश्नपत्रिका काढू शकेन. डॉन कधीही एकदम दिसत नाही. आधी गाडीतून बूट उतरतो, मग हातातली अंगठी, मग पाठ, आणि तोंड दिसेपर्यंत अव्वाची गवार निवडून व्हायची. समोरचा माणूस जिवाच्या भीतीनं घामाघूम झालेला असतो, तेव्हा डॉनला काहीतरी भलतंच काम असतं. तो माशांना दाणे टाकतो, दाढी करून घेतो, पेरू कापतो. त्याच्या एका बाजूला न बोलणारा माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूला सारखा हसणारा. हसणारा फितूर होतो. म्हातारी आई असते, ती ह्याच्या घरचं पाणी पीत नाही. लहानपणीचा मित्र पोलिसात असतो. बायकापोरांना हात लावायचा नाही असा धंद्यात नियम असतो, आणि तो कुणीतरी मोडतंच, नाहीतर मध्यंतरानंतर करायचं काय? मग एके दिवशी डॉन समुद्राकडं बघत म्हणतो, की हे शेवटचं काम, मग सगळं सोडून गावाकडं जाईन. असं म्हणाला की समजायचं, हा काही गावाकडं जात नाही.

हे सगळं अप्पांना माझ्याहून पक्कं पाठ होतं, तरी ते दर वेळी नव्यानं बघायचे. मी म्हणायचे, कळलंय की शेवटी काय होणार. ते म्हणायचे, कळलंय म्हणून तर बघतोय. आधी मला हे म्हातारपणाचं उत्तर वाटलं. आता वाटतं, ज्याला उद्याच्या दिवसाचा भरवसा उरलेला नाही, त्याला जिथं सगळं ठरलेलं आहे तिथं बरं वाटत असेल. फितूर होणारा फितूर होतो, मरणारा मरतो, आणि मध्ये कुणाचा रिपोर्ट येत नाही.

पाण्याचे मात्र फार हाल होते. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून. दिवसभराचं पाणी अव्वा सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायची, आणि ती बाटली तिच्या नजरेसमोर असायची, अप्पांच्या नव्हे. एवढ्या सोलापूरच्या उन्हात, जिथं धडधाकट माणसाच्या जिभेला कोरड पडते, तिथं हे गृहस्थ एक घोट तोंडात घोळवत बसायचे. गल्लीत नळाला पाणी आलं की एकच धांदल उडते, हंडे आपटतात, पाइप ओढले जातात. अप्पा त्या आवाजाकडं कान लावून बसायचे. सिनेमातल्या डॉनच्या हातात ग्लास असतोच, त्यात बर्फ वाजला की अप्पांची नजर तिथं जायची. दारूकडं नाही हो, बर्फाकडं. एकदा मी ते पाहिलं आणि मला इतकं कसंसं झालं की उठून उगाचच कूलरमध्ये पाणी ओतून आले.

शेंगाचटणी बंद. मीठ बंद. शहाळं बंद. सोलापूरच्या माणसाकडून शेंगाचटणी काढून घेतली तर त्यानं भाकरी खायची तरी कशासाठी? पण अप्पांनी तक्रार केली नाही. डायलिसिसच्या दिवशी सकाळी शर्ट घालताना म्हणायचे, चला, हप्ता देऊन येऊ. सेंटरवर सुया टोचणारा पोरगा फार चांगला होता, त्याला ते वसुलीवाला म्हणायचे आणि तोही हसायचा. त्यांच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडून घेतली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत सारखं गुणगुणल्यासारखं व्हायचं. परत येताना रिक्षात मी त्या हातावर हात ठेवून बसायचे. त्या गुणगुणण्याचा मला धीर वाटायचा. त्यांना काय वाटायचं हे मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

मी दमले होते. हे सरळच सांगते. कॉलेज, पेपर, सेंटर, रिक्षा, पथ्याचं वेगळं शिजवणं आणि वर घरात सगळ्यांनी हसतमुख राहायचं. एका दुपारी टीव्हीचा आवाज असह्य होऊन मी जवळजवळ ओरडलेच, की अप्पा, काय आवडतं काय तुम्हाला ह्या मेल्यांत? ते जरा दचकले. आवाज कमी केला. मग विचार करून म्हणाले, “तो बोलतो ना, तवा मधी कुणी बोलत न्हाई बघ.”

मी परत पेपरात डोकं घातलं, पण त्यानंतर मी सिनेमे बघायला लागले. खरंच की. डॉन बसलेला असतो आणि बाकीचे उभे. तो सावकाश बोलतो. मध्येच थांबतो, चष्मा पुसतो, पुन्हा सुरू करतो. त्या थांबण्यातसुद्धा कुणी तोंड घालत नाही. आपण म्हणतो, लोकांना पिस्तूल आवडतं, पैसा आवडतो, दरारा आवडतो. असेलही. आमच्या चौकात आता प्रत्येक वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, गॉगल लावलेली, हाताची घडी घातलेली पोरं, मागं सिंहाचं तोंड. मी त्यांना नाकं मुरडते. पण त्यातली दोघंतिघं माझ्या वर्गात असतात, आणि शेवटच्या बाकावर बसून काही विचारायला उठली की मीच म्हणते, बस खाली, वेळ नाही. त्यांनाही बहुतेक एवढंच हवं असेल, की आपण बोलावं आणि समोरच्यानं घड्याळ बघू नये.

अप्पा आयुष्यभर चाटी गल्लीत एका साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, घडी उलगडायची, पदर दाखवायचा, घडी घालायची. मी लहानपणी त्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा ऐकलेलं आहे. ते म्हणायचे, ताई, ह्याचा काठ बघा, हा काठ… आणि ताई म्हणायची, ती वरची पिवळी काढा. ते पिवळी काढायचे. ही पिवळी म्हणजे… म्हणेपर्यंत ताईचं, त्यातलं जांभळं दाखवा. मालकही मधूनच हाक मारायचे, गिऱ्हाईकं नवऱ्याशी बोलता बोलता ह्यांना हातानं गप्प करायची. घरी आल्यावर अव्वा होतीच. अव्वा वाईट नाही, तिला फक्त पुढचं आधी कळतं. अप्पांनी “आज दुकानात” म्हटलं की ती म्हणायची, कळलं, उशीर झाला असेल, हात धुवा. आमचं लग्नकार्य, घर, मल्लूचं पुण्याला जाणं, सगळं ठरलं तेव्हा अप्पा खोलीत होते. ते काय म्हणाले ते मात्र कुणालाच आठवत नाही.

दुकानाला सुट्टी असली की ते सिनेमाला जायचे, एकटेच, मॅटिनीला. एकदोनदा मलाही नेलं होतं. ते थेटर आता बंद पडलंय, नुसती भिंत आणि तिकिटाच्या खिडकीची जाळी उरली आहे. आत उसाच्या गुऱ्हाळासारखी ऊब असायची, डोक्यावर पंखा नुसता फिरल्यासारखा करायचा. डॉनचा बूट गाडीतून उतरला की शिट्ट्यांनी कानठळ्या बसायच्या, आणि तो तोंड उघडायला लागला की सगळं थेटर चिडीचूप. चहावाला दारातच थांबायचा. माझं बोट धरून अप्पा बाहेर पडायचे तेव्हा उन्हानं डोळे मिटायचे आमचे. अप्पा जरा हळू चालायचे, ताठ चालायचे. चौकापर्यंत. चौकात ओळखीचं कुणी भेटलं की पुन्हा खांदे पाडून हसायचे, चाललाय न्हवं बरं, म्हणायचे.

मे महिन्यात एका दुपारी लाईट गेली. अव्वा शेजारी कुणाच्या तरी साखरपुड्याला गेली होती. टीव्हीवर डॉनला गोळ्या लागून झाल्या होत्या आणि तो न बोलणाऱ्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून आता शेवटचं काय ते सांगणार, तेवढ्यात पडदा काळा झाला. कूलर थांबला. बाहेर एक कुत्रं सावलीला धापा टाकत होतं, तेवढाच आवाज. मी म्हटलं, गेली का, येईल आता. अप्पा म्हणाले, “नंदा, मला आता तितं…”

“अप्पा…” मी सुरू केलं.

त्यांनी हात वर केला. नुसता पंजा, छातीपर्यंत. मी त्यांना असा हात करताना कधी पाहिलं नव्हतं. त्यात राग नव्हता, दरारा तर नव्हताच. पण मी गप्प बसले. लाल पेन तसंच हातात राहिलं.

ते सावकाश बोलले. मध्ये मध्ये थांबले. “मला आता तितं जायचं न्हाई. सुयांचं काय न्हाई, तो पोरगा चांगला हाय. पण तितनं आलं की एक दिवस झोपंत जातो, दुसरा दिवस उद्या जायचंय म्हणून भ्यायात जातो. माझा असा दिवसच न्हाई उरला. डॉक्टरांना मी इचारलंय, तू औषध आणायला खाली गेल्तीस तवा. बंद केलं तर थोडे दिस ऱ्हातील म्हणाले. झोप वाढत जाईल, धाप लागंल, त्याला औषध देतो म्हणाले. मी कटाळलो न्हाई, नंदा. मी दमलोय. तुला ठावं हाय दमणं म्हंजे काय, तुजं तोंड बघतो की मी रोज. मला घरात बसून, तहान लागली की पाणी पिऊन, तुमच्या संगं बोलत जायचंय. तू रड पायजे तर. पण ‘असं बोलू नका’ असं म्हणू नकोस.”

हे त्यांचं सगळ्यात मोठं बोलणं. माझ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मी त्यांच्याकडून सलग इतकं ऐकलेलं नव्हतं. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की सिनेमात मरणाऱ्या माणसाजवळ बसलेला तो न बोलणारा असतो ना, त्याला एकच वाक्य दिलेलं असतं, ‘भाई, तुम्हाला काही होणार नाही.’ आम्ही सगळे उन्हाळाभर तेवढंच बोलत होतो. अव्वा जेवणाच्या भाषेत, मल्लू मशीनच्या भाषेत, मी हळव्या आवाजात. आणि भाईला तर काय होणार ते कधीचंच कळलेलं होतं, त्याला फक्त सांगून मोकळं व्हायचं होतं. मी रडले, त्यांनी सांगितल्याप्रमाणे. मग डोळे पुसून विचारलं, अव्वाला कोण सांगणार? तिला मी सांगतो, म्हणाले. मल्लूलाही मीच सांगीन, त्याला बोलावून घे.

पुढचे दिवस कसे गेले ते आधी सांगून टाकते. बरे गेले. बरे म्हणजे सोपे नव्हेत. अव्वा दोन दिवस कुणाशी बोलली नाही, भांड्यांशी तेवढी बोलली. डॉक्टरांनी मलाही बसवून सगळं समजावलं, घरी येऊन बघून जायचे, औषधं बेतून दिली. पाणी बेतानंच द्या म्हणाले, पण मोजू नका. अव्वानं ती बाटली धुऊन पालथी घातली. अप्पांनी भाकरीच्या तुकड्याला शेंगाचटणी लावून खाल्ली, अगदी चिमूटभर, आणि म्हणाले, तिखट झालीय. टीव्ही त्यांनी फारसा लावला नाही. बोलायचे. साड्यांबद्दल बोलायचे, कुठल्या काठाला काय म्हणतात, कुठलं गिऱ्हाईक हात लावूनच ओळखायचं की हे घेणार नाही. मध्येच डोळा लागायचा, जागे झाले की तिथूनच पुढं. पाऊस यायच्या आधी, एका पहाटे, झोपेतच गेले. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. फुलांच्या माळांत ताठ बसलेले होते ते, आणि गल्लीतले सगळे समोर उभे. मला त्या घटकेलाही मनात आलं, की बघा, आता कसे बसलाय.

पण मला राहून राहून आठवतो तो मल्लू आला तो रविवार. पुण्याहून सकाळच्या गाडीनं आला, हातात रिपोर्टांची फाईल, डोळे लाल. माझ्याशी नीट बोलला नाही. अक्का, तू त्यांना भरीला घातलंस, एवढंच म्हणाला. मी भांडले नाही, माझ्यात तेवढं त्राणच नव्हतं. अव्वा त्याच्याच बाजूची होती. रात्रभर रडून तिचा चेहरा सुजला होता. तिनं अप्पांचं ऐकलं असं काही तोवर म्हणता येत नव्हतं, अप्पांनी तोंड उघडलं की ती पदर डोळ्याला लावून आत जायची. मला भीती वाटत होती की आज ह्या दोघांच्या माऱ्यापुढं अप्पा नेहमीसारखी मान हलवतील आणि उद्या सकाळी मुकाट्यानं शर्ट घालतील. ते पुन्हा काही बोलायचा प्रयत्न करणार नाहीत, एवढं मला कळत होतं.

अप्पा खुर्चीत बसले. आम्ही तिघं समोर. मल्लूनं फाईल उघडली आणि कुठल्याशा नव्या हॉस्पिटलचं सुरू केलं. अप्पांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मल्लू, मला आता तितं…”

“अप्पा, आधी माझं ऐका…” मल्लू म्हणाला.

अव्वानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती अप्पांकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती. तिच्या सबंध संसारात तिनं हे वाक्य कधी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. “त्यांचं होऊ दे,” ती म्हणाली.

मल्लूनं फाईल मिटली. अप्पांनी एकदा अव्वाकडं पाहिलं. मग बोलायला लागले. मला जे सांगितलं होतं तेच, पण ह्या वेळी थोडं जास्त, अव्वाबद्दल काही, मल्लूच्या मुलीबद्दल काही. अडखळले, घोट घेतला, परत सुरू केलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मल्लूच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंसुद्धा नाही, जणू हात हलवला तर मध्ये बोलल्यासारखं झालं असतं.

बोलून झाल्यावर ते वाट बघत राहिले. इतक्या वर्षांच्या सवयीनं, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. आम्ही तिघंही तसेच बसून होतो. शेवटी त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

“झालं माझं,” अप्पा म्हणाले. “बोला की आता तुमी.”